साठ झाले नव्हते

डोंगर बुधवारी खाली आला आणि ती शुक्रवारी सापडली. मधले दोन दिवस मोजणीदाराला कोणी काही नक्की सांगत नव्हतं, आणि तोही कोणाला विचारत नव्हता. विचारलं नाही तोवर उत्तर आलेलं नसतं. एवढ्याशा आधारावर माणूस दोन दिवस काढू शकतो.

ते दोन दिवस तो उताराच्या माथ्यावर, तुटलेल्या कडेपासून दहा पावलं मागे, शिट्टी घेऊन उभा होता. खाली यंत्रं माती उपसत होती. वरून खडा जरी सुटला तरी त्यानं शिट्टी मारायची आणि खालच्या माणसांनी पळायचं, असं ठरलं होतं. मोठे साहेब त्याला म्हणाले होते, तुम्ही घरी जा, आपली माणसं सांभाळा. त्यानं सांगितलं, माझं माणूस खालीच आहे, मी इथेच बरा.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला मेहुणा पायवाटेनं वर येताना दिसला. एरवी तो वळणावरूनच हाका मारायला लागायचा. त्या दिवशी मान खाली घालून आला, हेल्मेट काढून गवतावर ठेवलं आणि शेजारी बसला.

"भाऊजी, ताई सापडली."

मोजणीदारानं शिट्टी खिशात ठेवली. कुठे, म्हणून विचारलं. शिवणखोलीच्या मागच्या दाराशी, मेहुणा म्हणाला. दाराची कडी तिनं काढली होती. मग मोजणीदारानं जे विचारलं ते दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर म्हणाला असता, याचं डोकं फिरलंय.

"सोमवारी तिसऱ्या जोडीचा आकडा किती होता?"

मेहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. "एकोणीस."

"एकोणीस," मोजणीदार म्हणाला. आकडा ऐकला की परत म्हणायचा ही त्याची बावीस वर्षांची सवय होती. मग दोघंही तिथेच बसून रडले, एकाच रुमालानं आलटून पालटून डोळे पुसत.

ती तिसरी जोडी म्हणजे काय ते सांगायला हवं. उताराच्या माथ्यावर सात ठिकाणी जमिनीला भेगा होत्या. प्रत्येक भेगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा लोखंडी खुंट्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या होत्या. दोन खुंट्यांची एक जोडी. दर सोमवारी आणि गुरुवारी वर जायचं, स्टीलच्या टेपनं खुंटीपासून खुंटीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. पावसाळा लागला की नवा शून्य धरायचा आणि तिथून भेग किती मिलिमीटर उघडली ते बघत राहायचं. चाळीस झाले की भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की खालच्या वस्तीनं घरं सोडून शाळेत जायचं. यात विचार करायचा नव्हता आणि कोणाची परवानगीही घ्यायची नव्हती. भोंग्याच्या पेटीची किल्ली मोजणीदाराच्या गळ्यात दोरीला बांधलेली असायची. आंघोळीलासुद्धा तो ती काढत नसे. बायको म्हणायची, लग्नातली अंगठी दुसऱ्या वर्षी हरवलीत, ही मात्र बरी टिकली.

मेहुणा त्याच्या हाताखाली अकरा वर्षं होता. बहिणीनंच त्याला चिकटवून दिला होता. चांगला निघाला. काटक होता, उंचीला भीत नव्हता आणि त्याची नजर तीक्ष्ण होती. मोजणीदाराला जवळचं दिसेनासं झालं, आणि वर धुक्यात चष्म्यावर वाफ धरायची. तेव्हापासून मेहुणा टेप वाचायचा आणि मोजणीदार लिहायचा. वाचणारा आकडा मोठ्यानं सांगणार, लिहिणारा तो मोठ्यानं परत म्हणणार, वाचणारा 'बरोबर' म्हणणार, आणि मगच पेन कागदाला लागणार. हा नियम मोजणीदारानंच घालून दिला होता, कारण वाऱ्यात ऐकण्यात चूक व्हायची. बावीस वर्षांत आपल्या वहीत एक आकडा चुकलेला नाही, असं तो पाहुण्यारावळ्यांनासुद्धा सांगायचा.

भोंगा त्यानं आजवर दोनदा वाजवला होता. दोन वर्षांपूर्वी तिसरी जोडी एकेचाळीसवर गेली तेव्हा, आणि गेल्या वर्षी त्रेचाळीसवर गेली तेव्हा. दोन्ही वेळा सगळी वस्ती शाळेत जाऊन बसली. पहिल्या वेळी पाच दिवस, दुसऱ्या वेळी नऊ. दोन्ही वेळा भेग आपोआप थांबली आणि डोंगर जागचा हलला नाही. दुसऱ्या वेळी तर शाळेतल्या नऊ दिवसांत चोरांनी दोन घरं फोडली, एका म्हाताऱ्याला फरशीवर झोपून न्यूमोनिया झाला आणि एका बाईला वर्गातच बाळ झालं. लोक परत आले ते मोजणीदारावर दात खातच. त्याचं नाव भोंगा पडलं. किराणा दुकानात शिरला की दुकानदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, या भोंगे, आज सामान बांधू की उद्या चालेल? एकदा घराच्या काचेवर दगड आला. त्यातच कचेरीतून पत्र आलं की यापुढे विनाकारण भोंगा वाजला तर मोजणीचं काम दुसऱ्याकडे जाईल आणि त्याला गोदामावर बसवलं जाईल.

ते पत्र आल्यापासून त्याची झोप उडाली. छातीत कळ यायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयावर ताण आहे, जिवाला लावून घेऊ नका. तो हो म्हणाला आणि घरी येऊन पुन्हा वही उघडून बसला. बायको समोर बसून शिवणाच्या गाठी मारत त्याच्याकडे बघत राहायची. ती कमी बोलायची. एकदाच म्हणाली की हा डोंगर तुमच्या छातीवर आहे, वस्तीच्या डोक्यावर नाही.

यंदा मात्र डोंगर शहाण्यासारखा वागला. उन्हाळ्यात उताराच्या पोटात आठ आडवे नळ घातले होते, आत साचणारं पाणी बाहेर निघावं म्हणून. ते लागू पडले असं मोजणीदारानं धरून चाललं. सोमवारी एक मिलिमीटर, गुरुवारी एक मिलिमीटर. दहा आठवडे झाले आणि वाढ फक्त एकोणीस. गुरुवारी घरी आला की बायको ताट वाढता वाढता विचारायची, काय म्हणतो डोंगर? तो आकडा सांगायचा. ती मान हलवायची आणि म्हणायची, बरं झालं. त्याला शांत झोप लागायला लागली. छातीतली कळ गेली.

मग रविवारी पाऊस उघडला. सोमवार, मंगळवार, बुधवार लख्ख ऊन पडलं. लोकांनी गाद्या बाहेर टाकल्या. बुधवारी ती नेहमीप्रमाणे शिवणखोलीत गेली. दवाखान्याच्या चादरी शिवून तयार होत्या, त्या मोजून द्यायच्या होत्या. तिच्याबरोबर शिवणारी एक तरुण मुलगी होती आणि दाराशी म्हातारा रखवालदार. अकरा वाजून वीस मिनिटांनी उताराचा उत्तरेकडचा अर्धा भाग सुटला. शिवणखोली आणि तिच्या मागची भिंत आधी गेली. तिघं गेले. बाकी लोक उन्हाला रस्त्यावर होते म्हणून वाचले.

ती सापडल्यानंतरचे दोन दिवस मोजणीदाराचा राग डोंगरावर होता. शहाणा माणूस डोंगरावर रागावत नाही, पण तो रागावला. बावीस वर्षं मी तुझी नाडी धरून बसलो, तू एकदा तरी खुणेचा शब्द द्यायचास, असं तो मनात बोलायचा. भोंगा दोनदा उगाच वाजवायला लावलास आणि वाजवायचा तेव्हा गप्प राहिलास. दारात बसून राहायचा. लेक सासरहून आली होती. ती जेवायला बोलवायची, तो दोन घास खाऊन उठायचा. मेहुणा रोज येऊन अंगणात उभा राहायचा, आत यायचा नाही. मोजणीदाराला वाटायचं, बिचाऱ्याला घरात बहीण नसलेली बघवत नसेल.

शनिवारीच कचेरीतून नवी इंजिनिअर आली होती. वयानं त्याच्या लेकीएवढी, पण बूट चिखलानं भरलेले, म्हणजे कामाची. डोंगराचा दक्षिणेकडचा अर्धा भाग अजून उभा होता आणि त्याच्या खाली त्रेचाळीस घरं होती. ते लोक शाळेत होते. त्यांना घरी पाठवायचं की नाही हे तिला सोमवारी सकाळी सांगायचं होतं. सात जोड्यांपैकी चार डोंगराबरोबर गेल्या होत्या, दक्षिणेच्या तीन उरल्या होत्या: पाच, सहा आणि सात. ती मोजणीदाराला म्हणाली, काका, जमत असेल तर वर या, नसेल तर राहू द्या. तो गेला. धक्क्यानं खुंट्या हलल्या असतील म्हणून तिनं जुना शून्य सोडून शनिवारी नवा धरला. तिनं टेप वाचला, त्यानं आकडा परत म्हटला आणि लिहिला. शनिवारी आणि रविवारी मिळून सहाव्या जोडीनं सहा मिलिमीटर जागा सोडली होती.

रविवारी सकाळी कचेरीत वही पुढ्यात घेऊन तिनं त्याला समजावून सांगितलं. शेजारचा भाग सुटला की उरलेला भाग थोडा ढिला पडतो आणि मग आपोआप बसतो. वहीप्रमाणे दक्षिणेची बाजू सगळा पावसाळा निवांत होती. म्हणजे हे सहा मिलिमीटर बसण्याचेच असणार. तसं असेल तर लोकांना सोमवारी घरी जाऊ देता येईल. पण वही निवांत नसती, भाग आधीपासून वेग धरत असता, तर तेच सहा मिलिमीटर फार वाईट. सगळं वहीवर आहे.

मग ती पानावरून बोट फिरवत थांबली.

"काका, एक विचारू? डोंगर एवढ्या शिस्तीत चालतो?"

त्याला कळलं नाही. तिनं दाखवलं. चौथ्या आठवड्यात तीन दिवस पावसानं झोडपलं होतं, दोन्ही मोजण्यांना भेग एक-एक मिलिमीटर उघडली. सहाव्या आठवड्यात थेंब पडला नव्हता, तरी एक-एक मिलिमीटरच. सातही जोड्या आपापल्या ठरलेल्या चालीनं, जणू हातात हात घालून चालल्या होत्या. तो म्हणाला, टेप वाचणारा माझ्या बायकोचा सख्खा भाऊ आहे. वहीच धरते मग, म्हणाली, आणि पेन काढलं.

मोजणीदारानं वही थोड्या वेळापुरती मागून घेतली. कचेरीच्या पायरीवर बसला, चष्मा लावला आणि दहा आठवडे पहिल्यापासून वाचले. लिहिताना माणूस एक आकडा लिहितो. सलग वाचत नाही. त्याला चौथ्या आठवड्यातला गुरुवार आठवला. तिसऱ्या जोडीपाशी भेग त्याला रुंद दिसली होती, बुटाचं टोक आत जाईल एवढी. तो तसं बोलला होता. मेहुणा टेप गुंडाळत हसून म्हणाला होता, भाऊजी, चष्मा लावा. नंतर तो सगळा पावसाळा त्यांचा विनोदच होऊन बसला. त्याला काही वेगळं दिसलं की मेहुणा म्हणायचा, चष्मा लावा. तोही हसायचा.

तो उठला आणि तडक मेहुण्याच्या खोलीवर गेला.

मेहुणा एकटा राहायचा. दार उघडंच होतं. तो मोरीत रेनकोट धूत बसला होता. चिखल कधीच निघाला होता तरी ब्रश चालूच होता. मोजणीदार खाटेवर बसला आणि वही मांडीवर ठेवून म्हणाला की उद्या सकाळी त्रेचाळीस घरं या वहीच्या भरवशावर परत जाणार आहेत. पाठवू का?

मेहुण्याचा ब्रश थांबला. त्यानं नळ बंद केला, हात पुसले, उशीखालून एक छोटी डायरी काढली, मोजणीदाराच्या शेजारी खाटेवर ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

"खरे आकडे यात आहेत."

मोजणीदारानं डायरी उघडली. प्रत्येक सोमवार, प्रत्येक गुरुवार, सात जोड्या, बारीक नीट अक्षर. चौथ्या आठवड्यातल्या त्या गुरुवारी तिसरी जोडी एका दमात पाच वाढली होती. शेवटच्या सोमवारी ती सत्तेचाळीसवर होती. चाळीस तर दोन आठवडे आधीच होऊन गेले होते. दक्षिणेची सहावी जोडी वहीत नऊ होती आणि डायरीत चौतीस.

वर वाऱ्यात उभं राहून 'एकोणीस' असं खणखणीत म्हटलं ते मोजणीदारानं, आणि लिहिलं तेही त्यानंच. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून नियम केला होता. वाचणाराच खोटं वाचेल हे त्यात धरलेलं नव्हतं. घरातल्या माणसाविरुद्ध नियम कोण करतो? अकरा वर्षं ज्याच्या हातात दोर दिला आणि कड्यावर लोंबकळलो, त्यानं केसानं गळा कापला. आणि परवा याच माणसाच्या रुमालानं आपण डोळे पुसले.

का, एवढंच त्यानं विचारलं. कचेरीतून कोणी सांगितलं होतं का? मेहुण्यानं नकारार्थी मान हलवली. दुकानदारानं, वस्तीतल्या कोणी? नाही.

"ताईनं सांगितलं होतं."

मोजणीदार म्हणाला, "मेलेल्या माणसावर घालतोस?"

मेहुणा खाली बसला. मग अडखळत सगळं सांगितलं. डॉक्टरांकडून आल्यावर ती त्याच्याकडे आली होती, याच खोलीत, याच खाटेवर बसली होती. म्हणाली, तिसऱ्यांदा भोंगा वाजला आणि तिसऱ्यांदा काही झालं नाही तर हा माणूस माझ्या हाती लागणार नाही. दोनदा ते चाळीसला ओरडले, दोनदा डोंगर थांबला. म्हणजे चाळीस म्हणजे काही नाही. त्यांचं ओझं आपण दोघं उचलू. तू खरा आकडा मला सांग आणि त्यांना थोडा थोडा सांग. साठ झाले की आपण दोघं मिळून त्यांना सगळं सांगू, मग ते भोंगा वाजवू देत. साठ हा आकडा तिनंच काढला होता. चाळीस आणि वर निम्मे. मेहुणा आधी नाही म्हणाला. ती रडली. ती रडताना त्यानं लहानपणापासून कधी पाहिली नव्हती.

"दर वेळी सांगत होतो तिला. वरून उतरलो की आधी शिवणखोलीत जायचो."

"सोमवारचा सांगितलास?"

"सांगितला. सत्तेचाळीस."

"आणि मग बुधवारी ती गेली कशी तिथे? डोंगराखाली?"

मेहुण्यानं वर पाहिलं. त्याला त्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"साठ झाले नव्हते ना, भाऊजी. ती म्हणाली, अजून तेरा आहेत."

मारावं असं मोजणीदाराच्या हाताला वाटलं, पण हात उठला नाही. मेहुणा काहीतरी बोलत होता. दोष माझा आहे, मी नाही म्हणायला हवं होतं, पोलिसात द्या. मोजणीदार डायरी घेऊन उठला. दारात थांबून म्हणाला, "परवा वर रडलास तेव्हाही एकोणीसच म्हणालास."

तो आधी घरी गेला. लेकीनं त्याच्या चेहऱ्याकडे बघून पाणी दिलं. त्यानं तिला सांगितलं, सगळं नाही, पण पुरेसं. ती म्हणाली, बाबा, आईनं तुमच्यासाठीच केलं असेल. तो म्हणाला, माहीत आहे. दुसऱ्यासाठी केलं असतं तर भांडलो असतो.

तेच तर त्याला गिळता येत नव्हतं. मेहुण्याचं एक वेळ समजत होतं. तो वर खोटं बोलायचा आणि खाली निघून जायचा. पण ती दर गुरुवारी समोर बसायची. खरा आकडा तिला आधीच कळलेला असायचा. तरी ताट वाढता वाढता विचारायची, काय म्हणतो डोंगर? तो चष्मा पुसत, जरा मिजाशीत, खोटा आकडा सांगायचा. ती मान हलवून म्हणायची, बरं झालं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडावरचं एकूण एक त्याला वाचता येतं, असा त्याचा समज होता. दर वेळी ती त्याच्यासमोर खोटं बोलली आणि दर वेळी तो पोटभर जेवला. तिनं त्याला आजारी माणसासारखं वागवलं, औषध दुधात घालून देतात तसं. बावीस वर्षं ज्या एका कामात त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं, तेच तिनं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याला कळूही दिलं नाही.

आणि त्या दोघांचं काय? शिवणाऱ्या मुलीनं आणि म्हाताऱ्या रखवालदारानं तिचं काय घोडं मारलं होतं? त्यांना 'अजून तेरा आहेत, चालेल का' असं कोणी विचारलं होतं? तिच्याशी भांडायला तो जागेवरून उठलासुद्धा, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तिथे ओट्यापाशी लेक उभी होती. तो परत येऊन बसला.

मग त्यानं विचार केला. डायरी दाखवली तर मेहुण्याची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. मेहुणा विचारल्यावर ताईचं नाव सांगेल किंवा सांगणार नाही, पण बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. उद्यापासून लोक तिला काय म्हणतील ते त्याला ऐकू यायला लागलं. डायरी नाही दाखवली तर सकाळी त्रेचाळीस घरांची माणसं गाद्या उचलून चालत घरी जातील, डोंगर निवांत असल्याचं तो सांगतो म्हणून. त्याला निवड अवघड वाटली नाही. फक्त चप्पल पायात जायला वेळ लागला.

इंजिनिअरनं डायरी उभ्याउभ्याच वाचली. मग बसून पुन्हा वाचली. सहावी जोडी शेवटचे तीन आठवडे दर वेळी आधीपेक्षा जास्त उघडत आली होती. शनिवार-रविवारचे सहा मिलिमीटर त्याच ओळीत पुढे जाऊन बसत होते. भाग बसत नव्हता, निघायच्या तयारीत होता. तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, कोणीही घरी जाणार नाही. मग त्याच्याकडे बघून हळू आवाजात, बरं केलंत आलात, काका.

लोकांना सांगायचं काम त्यानं स्वतः मागून घेतलं. सोमवारी सकाळी शाळेच्या पटांगणात लोक पेट्या बांधून उभे होते. त्यानं सांगितलं की वहीतले आकडे खोटे होते, घरी जाता येणार नाही, महिना लागेल, कदाचित जास्त. दुकानदार मागून म्हणाला, भोंगा पुन्हा वाजला. पण कोणी हसलं नाही. एकानं विचारलं, खोटे म्हणजे कोणी केले? त्यानं सांगितलं, माझ्या मेहुण्यानं. मग गलका झाला. त्या गलक्यातून रखवालदाराची बायको वाट काढत पुढे आली. म्हातारी होती, काठी टेकत आली. तिनं त्याचा हात धरला.

"भाऊ, तुमचं माणूसही तिथेच गेलं. तुमच्या घरातल्यानंच तुमचा घात केला हो."

तो हो म्हणाला.

त्या गोष्टीला आता सात आठवडे झाले. अठराव्या दिवशी दक्षिणेच्या भागातून वरच्या मातीचा एक मोठा लपका सुटला आणि सहा घरांवर आला. घरं रिकामी होती. बाकीचा भाग अजून उभा आहे. मेहुणा निलंबित आहे. चौकशीत त्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं, मला वाटलं म्हणून केलं असं लिहून दिलं. बहिणीचा शब्दही काढला नाही. तो एकदा अंगणात येऊन उभा राहिला होता. मोजणीदार आत बसून होता, उठला नाही. त्याच्याशी बोलणं झालेलं नाही.

मोजणीदाराचाही जबाब झाला. चार पानं आहेत, प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना. आकडे कोणी बदलले, कधीपासून, तुम्हाला कधी कळलं. सगळे त्यानं स्वतःच्या हातानं भरले. एका प्रश्नाशी तो थांबला: हे कोणाच्या सांगण्यावरून झालं, आपणास माहीत असल्यास. इंजिनिअर शेजारीच होती. तिनं तो रकाना रिकामा बघितला आणि म्हणाली, तेवढं भरून द्या, घाई नाही. कागद त्यानं घरी आणले. लेक जायच्या आधी दोनदा म्हणाली, आता त्याचा कोणाला उपयोग आहे, बाबा. कधी त्याला वाटतं, लिहून मोकळं व्हावं, तिनं मला फसवलं हे जगाला कळू दे. कधी रखवालदाराच्या बायकोचा हात आठवतो आणि वाटतं, आपण तिच्यापासून जे दडवतो आहोत ते त्या दोघांनी आपल्यापासून दडवलं त्याहून वेगळं नाही. आणि पेन उचललं की तिनं काढलेली दाराची कडी आठवते.

काम चालू आहे. आता टेप इंजिनिअर वाचते, आकडा मोजणीदार परत म्हणतो आणि मग टेपवर चष्मा लावून स्वतःही बघतो. दक्षिणेच्या उताराला बारा नळ घालायचे आहेत. पाच झाले, सात व्हायचे आहेत. जबाबातला एक रकाना भरायचा आहे.